लांब धांव आणि आखडता हात



मोटारीच्या छंदाविषयीं बोलणें म्हणजे श्रीमंतांच्या चैनीविषयीं बोलणें, असा समज सर्वत्र आढळतो. तो पुरता खरा नाहीं. एखादी जुनी, बुटकी, दोन माणसांपुरती स्पोर्ट्स मोटार मिळवावी, तिचें इंजिन उघडावें, आणि नवें मोठें इंजिन विकत न घेतां त्याच ओतीव लोखंडांतून अधिक जोर काढावा, हा उद्योग जगांत पुष्कळ अंशीं बेताच्या मिळकतीच्या माणसांनींच वाढविला आहे. अशा रीतीनें वाढविलेल्या इंजिनाच्या एका जातीला मेकॅनिक लोक 'स्ट्रोकर' म्हणतात. हें नांव आतां आपल्या तरुणांच्याहि तोंडीं बसूं लागलें आहे. बीड, माजलगांव किंवा अंबाजोगाई येथील एखाद्या घरांत मुलानें असा बेत काढला, तर वडीलमाणसांना तो खुळचटपणा वाटावयाचा. आणि पुण्या-मुंबईच्या घरांतहि त्याचें स्वागत याहून निराळें होईल असें नाहीं. परंतु हो किंवा नाहीं म्हणण्यापूर्वीं तो काय करूं म्हणतो हें समजून घेणें बरें. त्यांत पैसा आहे, त्यांत शिक्षण आहे, आणि बेफिकिरी झाली तर धोकाहि आहे. या तिन्हींचा हिशेब आज आपण मांडूं.

पायानें चालविण्याचें शिवणयंत्र बहुतेकांनीं पाहिलेलें आहे. पायटा वर-खालीं हालतो; त्याला जोडलेला दांडा मोठ्या चाकावरील एका खुंटीला धरलेला असतो; आणि पायट्याचें हेलकावणें चाकाच्या फिरण्यांत बदलतें. ही खुंटी चाकाच्या मध्याशीं नसते, मध्यापासून कांहीं अंतरावर असते. तें अंतर जितकें असेल, त्याच्या सुमारें दुप्पट दांडा वर-खालीं होतो. मोटारीच्या इंजिनांत हीच रचना आहे. पायट्याच्या जागीं सिलिंडरांत सरकणारा पिस्टन, म्हणजे दट्ट्या. दांड्याच्या जागीं कनेक्टिंग रॉड. आणि चाकाच्या जागीं क्रँकशाफ्ट. सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें, पिस्टन खालीं ढकलला जातो, आणि क्रँक फिरतो. पिस्टन वरच्या टोंकापासून खालच्या टोंकापर्यंत जें अंतर कापतो, त्याला इंग्रजींत स्ट्रोक म्हणतात. आपण त्याला धांव म्हणूं. सिलिंडराच्या आंतल्या व्यासाला बोअर म्हणतात. क्रँकची खुंटी मध्यापासून थोडी दूर नेली कीं धांव वाढते. आणि ज्या इंजिनाची धांव अशी मूळच्यापेक्षां वाढविली असेल, तें स्ट्रोकर इंजिन.

धांव वाढवून मिळतें काय? इंजिन हा मूलतः हवेचा पंप आहे. एका फेऱ्यांत जितकी हवा आंत येईल, तितक्या प्रमाणांत पेट्रोल जाळतां येतें, आणि तितका जोर मिळतो. ही हवा मावण्याची जागा म्हणजे पिस्टनच्या धांवेनें व्यापलेलें घनफळ. आपल्या सर्वांच्या परिचयाची एक मोटार घेऊन गणित करूं. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें मुंबईंत कुर्ला येथें जी फियाट, पुढें पद्मिनी या नांवाची, मोटार वर्षानुवर्षें बनविली आणि जी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली, तिच्या इंजिनाचे सिलिंडर चार, बोअर ६८ मिलिमीटर आणि धांव ७५ मिलिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून धांवेनें गुणिलें आणि चारानें गुणिलें, कीं १०८९ घनसेंटिमीटर येतात. आतां बोअर तसाच ठेवून धांव ७५ ची ७९ केली, तर घनफळ ११४७ होतें; म्हणजे चार मिलिमीटरांत ५८ घनसेंटिमीटरांची भर. उलट धांव तीच ठेवून बोअर ६८ चा ७० केला, तर ११५४ होतें. म्हणजे दोनच मिलिमीटरांत ६५ ची भर. दोन्ही केलें तर १२१६. बोअरचा गुणाकार वर्गानें होतो, धांवेचा सरळ होतो. तेव्हां कोणीहि विचारील कीं, बोअर वाढविणेंच सोपें असतां धांवेच्या मागें कां लागावें?

पुष्कळदां कारखानदारहि बोअरच वाढवितात. बीड जिल्हा पाऊस कमी पडणाऱ्या मुलुखांत मोडतो. तेथील शेतकऱ्याची भिस्त विहिरीवर, आणि विजेचे पंप सर्वत्र पोंचण्यापूर्वीं त्या विहिरीची भिस्त तेलाच्या इंजिनावर असे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीचीं एका सिलिंडराचीं इंजिनें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांना नांवानें ठाऊक आहेत. त्यांतील एव्ही-१ या इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर व धांव ११० मिलिमीटर. घनफळ ५५३, शक्ति पांच अश्वशक्ति. त्याचा मोठा भाऊ टीव्ही-१. त्याची धांव तीच ११०, पण बोअर ८७.५, घनफळ ६६१, शक्ति सात अश्वशक्ति. क्रँकचा फेरा तोच राहिला, सिलिंडर रुंद झाला. याच्या उलट उदाहरणहि बीडच्या शेजारींच आहे. बजाज कंपनीचा एक कारखाना लगतच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत वाळूज येथें १९८५ पासून आहे. या कंपनीनें २००७ सालीं पल्सर २०० आणि पल्सर २२० अशा दोन मोटारसायकली बाजारांत आणल्या. दोहोंचा बोअर ६७ मिलिमीटर. एकीची धांव ५६.४, दुसरीची ६२.४. केवळ सहा मिलिमीटरांच्या धांवेनें १९८.८ चे २२० घनसेंटिमीटर झाले. ज्या युक्तीला आपले तरुण परदेशी विद्या समजतात, ती अशी आपल्या रस्त्यांवरून रोज धांवत असते.

बोअर वाढविण्याला एक मर्यादा असते, आणि ती लोखंडाच्या भिंतीची. दोन सिलिंडरांमधील भिंत, आणि सिलिंडर व त्याच्या भोंवतीं खेळणारें थंड पाणी यांमधील भिंत, किती पातळ करावी याला अंत आहे. पातळ भिंत तापली कीं वांकडी होते, पिस्टनच्या रिंगा बसत नाहींत, इंजिन तेल पितें, आणि शेवटीं भिंतीला तडा जातो. ही मर्यादा गांठल्यावर धांवेकडे वळावें लागतें. याचें उत्तम उदाहरण एका खऱ्या स्पोर्ट्स मोटारीचें आहे, आणि त्याचा धागा आपल्या देशांतूनहि गेलेला आहे.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनें १९६१ पासून कांहीं वर्षें स्टँडर्ड हेरल्ड नांवाची सुबक मोटार बनविली. तिचें इंजिन ९४८ घनसेंटिमीटरांचें. त्याचें घराणें १९५३ सालच्या इंग्लंडमधील स्टँडर्ड एट या लहानशा मोटारीपासून सुरू होतें. तेथें बोअर ५८ आणि धांव ७६ मिलिमीटर, घनफळ ८०३. पुढें धांव ७६ वर कायम ठेवून बोअर ६३, मग ६९.३, मग ७३.७ असा वाढत गेला, आणि घनफळ ९४८, ११४७, १२९६ असें चढत गेलें. ट्रायंफ स्पिटफायर ही लोकप्रिय स्पोर्ट्स मोटार १९६२ सालीं निघाली तेव्हां तींत हेंच ११४७ चें इंजिन होतें. १२९६ वर आल्यावर भिंती अखेरीस आल्या. तेव्हां १९७० च्या सुमारास कारखान्यानें बोअर तसाच ठेवून धांव ७६ ची ८७.५ केली, आणि १४९३ घनसेंटिमीटरांचें इंजिन तयार झालें. १९७४ च्या अखेरीस तें स्पिटफायरमध्यें बसलें. मूळ लहान संसारी मोटारीच्या इंजिनाचें घनफळ अशा रीतीनें जवळजवळ दुप्पट झालें, तेंहि नवें इंजिन आंखण्याचा प्रचंड खर्च टाळून. कमी खर्चाचें स्ट्रोकर इंजिन म्हणतात तें हेंच. येथें तें छंदी माणसानें केलें नाहीं, कारखान्यानें केलें, एवढाच फरक.

परिणाम काय झाला तो आंकड्यांनीं पाहण्यासारखा आहे. १२९६ च्या इंजिनाची शक्ति मिनिटाला ६००० फेऱ्यांना सुमारें ६३ अश्वशक्ति होती. १४९३ च्या इंजिनाची ५५०० फेऱ्यांना सुमारें ७१ झाली. घनफळ पंधरा टक्क्यांनीं वाढलें, पण अश्वशक्ति तेवढी वाढली नाहीं, आणि ती कमी फेऱ्यांना मिळूं लागली. याच्या बदल्यांत कमी वेगावरचा ओढा चांगलाच वाढला. चढावर गिअर बदलण्याची घाई राहिली नाहीं. मात्र तें इंजिन जुन्या धाकट्या भावाइतकें हलक्या अंगानें फिरत नसे, आणि मर्यादेपलीकडे दामटलें तर रॉडांचीं बेअरिंगें लौकर जातात अशी त्याची ख्याति झाली. मिळालें काय आणि द्यावें काय लागलें, याचा पुरा जमाखर्च या एका मोटारींत वाचतां येतो.

अमेरिकेंत हीच गोष्ट भंगाराच्या आवारांत घडली. शेव्हरोले कंपनीचें ३५० घनइंचांचें आठ सिलिंडरांचें इंजिन तेथें फार मोठ्या संख्येनें निघालें. त्याच जातीचें ४०० घनइंचांचें दुसरें इंजिन होतें, त्याची धांव अधिक. छंदी माणसांनीं ४०० चा क्रँक भंगारांतून स्वस्तांत आणला, त्याचे मुख्य बेअरिंगांत बसणारे भाग लेथ व ग्राइंडर यांवर घांसून सुमारें पांच मिलिमीटरांनीं बारीक केले, ३५० च्या ब्लॉकमध्यें तो बसविला, सिलिंडर किंचित् बोअर केले, आणि ३८३ घनइंचांचें इंजिन बनविलें. स्पोर्ट्स मोटारींत घालण्यासाठीं हा नमुना इतका लोकप्रिय झाला कीं पुढें त्याचे तयार संच बाजारांत विकले जाऊं लागले. यांतला बोध लक्ष्यांत ठेवण्यासारखा आहे. स्वस्त स्ट्रोकर तेथेंच होतो, जेथें कारखान्यानें स्वतःच एका घराण्यांत दोन धांवांचे क्रँक केलेले असतात.

तसा क्रँक मिळत नसेल, तर दुसरा मार्ग ग्राइंडिंगचा. ट्रॅक्टरचें किंवा ट्रकचें इंजिन दुरुस्तीला निघालें कीं झिजलेला क्रँक घांसून घेतात आणि त्यावर लहान मापाचीं बेअरिंगें घालतात, हें आपल्याकडील प्रत्येक तालुक्याच्या गांवीं माहीत आहे. तेथें खुंटी सर्व बाजूंनीं सारखी घांसतात, म्हणून तिचा मध्य हालत नाहीं. स्ट्रोकर करतांना ती मुद्दाम एका बाजूनें अधिक घांसतात. समजा खुंटी ४५ मिलिमीटर जाडीची आहे आणि ती ४२ ची करावयाची आहे. सारे तीन मिलिमीटर आंतल्या बाजूनेंच काढले, तर नव्या खुंटीचा मध्य दीड मिलिमीटर बाहेर सरकतो, आणि धांव तीन मिलिमीटरांनीं वाढते. नवा क्रँक घ्यावा लागत नाहीं. परंतु खुंटी बारीक झाली, म्हणजे अशक्त झाली. तिच्या पृष्ठभागाला दिलेलें कठीणपणाचें पाणी घांसण्यांत गेलें असेल तर तें पुन्हां द्यावें लागतें. खुंटी आणि तिची बाजू यांच्या सांध्यांतील गोलाई जपली नाहीं तर तडा तेथूनच सुरू होतो. आणि ४२ मिलिमीटरांच्या खुंटीला बसणारा रॉड व बेअरिंग दुसऱ्या एखाद्या इंजिनांतून शोधावें लागतें. तिसरा मार्ग नवा पोलादी क्रँक घडवून घेण्याचा. तो उत्तम, पण त्याचें नांव काढलें कीं काटकसरीची भाषा संपते.

क्रँक हातांत आला म्हणजे काम झालें, असें नव्या माणसाला वाटतें. खरें काम तेथून सुरू होतें. ब्लॉकची उंची ठरलेली आहे. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतच्या त्या उंचींत तीन लांब्या मावल्या पाहिजेत: खुंटीचें मध्यापासूनचें अंतर, रॉडची लांबी, आणि पिस्टनच्या पिनेपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. समजा मूळच्या इंजिनांत हीं मापें ३८, १४० आणि ४० मिलिमीटर आहेत. बेरीज २१८, आणि ब्लॉकहि २१८. धांव ७६ ची ७९ केली, तर पहिलें माप ३९.५ झालें आणि बेरीज २१९.५. म्हणजे पिस्टन दीड मिलिमीटर ब्लॉकच्या बाहेर येऊन हेडवर आदळणार. हा दीड मिलिमीटर कोठून तरी परत मिळविलाच पाहिजे. रॉड तेवढा आंखूड घ्यावा, किंवा ज्याची पिन वरच्या अंगाला आहे असा पिस्टन घ्यावा. आंखूड रॉड अधिक तिरपा होतो, आणि पिस्टनला सिलिंडराच्या भिंतीवर अधिक जोरानें रेटतो. भिंत व पिस्टन दोन्ही लौकर झिजतात. म्हणून जाणते लोक रॉड शक्य तितका लांब ठेवून पिस्टन बदलतात. पण पिन फार वर नेली तर ती रिंगांच्या खांचांशीं जाऊन भिडते. सारें काम असें एकाचें घेऊन दुसऱ्याला देण्याचें आहे.

मग जागेचा प्रश्न. रॉडचें खालचें टोंक आतां मोठ्या वर्तुळांत फिरतें. तें ब्लॉकच्या आंतल्या कडेला, कॅमशाफ्टला किंवा तेलाच्या टाकीला घांसतें काय? क्रँकचीं वजनें खालीं आलेल्या पिस्टनच्या कडेला लागतात काय? हें पाहण्यास यंत्र लागत नाहीं, धीर लागतो. एक पिस्टन, एक रॉड व क्रँक तेवढे कच्चे बसवावे, आणि क्रँक हातानें अगदीं हळू पुरे दोन फेरे फिरवावा. कारण या इंजिनाचा क्रम दोन फेऱ्यांनीं पुरा होतो. मग हेंच प्रत्येक सिलिंडराला करावें. जेथें लागतें तेथें खडूनें खूण करावी व तेवढाच भाग घांसावा. चालू इंजिनांत धातु तापून वाढतात, रॉड ताणला जातो, म्हणून थंड इंजिनांत निदान दीड मिलिमीटर मोकळीक ठेवण्याची रीत आहे. पिस्टनचा माथा व व्हॉल्व्ह यांमधील जागा पाहण्यासाठीं मुलांच्या खेळांतील मऊ मातीची पोळी पिस्टनवर ठेवतात, हेड आंवळून क्रँक फिरवितात, आणि हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. चार आण्यांची ही माती हजारों रुपयांचें इंजिन वांचविते.

तिसरी गोष्ट दाबाची. पिस्टन वर आला कीं मिश्रण हेडमधील लहान पोकळींत दाबलें जातें. मूळ घनफळ त्या पोकळीच्या किती पट आहे, याला दाबाचें प्रमाण म्हणतात. वर सांगितलेल्या १२९६ च्या इंजिनाचें प्रमाण ९ धरलें, आणि हेडची पोकळी तशीच ठेवून धांव ८७.५ केली, तर गणितानें तें १०.२ होतें. कोणीं दाब वाढविण्याचा संकल्प केला नव्हता; धांव वाढली आणि दाब आपोआप वाढला. थोडा वाढलेला दाब हितकर असतो. अधिक वाढला तर पेट्रोल ठिणगीची वाट न पाहतां भलत्या वेळीं भडकतें, इंजिन ठोके देऊं लागतें, आणि पिस्टनचा माथा जळतो. आपल्या पंपावर जें पेट्रोल मिळतें त्याला काय झेपेल, हें आधीं ठरवून पिस्टनचा माथा खोलगट घ्यावा किंवा हेडची पोकळी वाढवावी. महाग पेट्रोलवर चालणारें स्वस्त इंजिन शेवटीं स्वस्त राहत नाहीं.

आतां वेगाचा विचार, आणि येथें विहिरीवरचें इंजिन आपणांस चांगला धडा देतें. एव्ही-१ ची धांव ११० मिलिमीटर, म्हणजे स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनापेक्षां पुष्कळ लांब. पण तें मिनिटाला १५०० फेरेच घेतें. एका फेऱ्यांत पिस्टन एकदां वर व एकदां खालीं जातो, म्हणून त्याचा सरासरी वेग सेकंदाला ५.५ मीटर होतो. पल्सर २२० ची धांव त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक, परंतु तिची पुरी शक्ति ८५०० फेऱ्यांना मिळते. तेथें पिस्टनचा वेग सेकंदाला सुमारें १७.७ मीटर. ट्रायंफचें ७६ मिलिमीटर धांवेचें इंजिन ६००० फेऱ्यांना १५.२ मीटरांवर असतें, ८७.५ धांवेचें इंजिन तितक्याच फेऱ्यांना १७.५ मीटरांवर जातें. जुनाच वेग राखावयाचा तर ६००० ऐवजीं ५२०० फेऱ्यांवर थांबलें पाहिजे. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलट वळतो, त्या क्षणीं रॉडवर जो ताण येतो तो धांवेच्या प्रमाणांत वाढतो, पण फेऱ्यांच्या वर्गानें वाढतो. म्हणून लांब धांवेच्या इंजिनाला सर्वांत मोठें भय शेवटच्या पांचशें फेऱ्यांचें. विहिरीवरचें इंजिन वर्षानुवर्षें टिकतें, कारण त्याच्याकडून अधिक फेऱ्यांची अपेक्षा कोणी करीत नाहीं. उन्हाळ्यांत तें बंद पडलें तर पीक जाईल हें चालविणारा जाणतो. तोच संयम स्ट्रोकर इंजिनाच्या मालकानें अंगीं बाणवावयास हवा.

शिवाय हवा आंत येण्याची वाट जुनीच असते. व्हॉल्व्ह तेवढेच, कार्ब्युरेटर तेवढाच, आणि पोट मात्र मोठें झालेलें. कमी फेऱ्यांना ही वाट पुरते, म्हणून ओढा वाढतो. अधिक फेऱ्यांना ती अपुरी पडते, म्हणून शक्तीचें शिखर लौकर येतें. स्पिटफायरच्या आंकड्यांत आपण हेंच पाहिलें. गांवच्या रस्त्यावर, घाटांत, वळणांतून बाहेर पडतांना हा ओढा फार सुखद असतो. केवळ सरळ रस्त्यावरच्या कमाल वेगाची हांव असेल, तर धांव वाढविणें हें त्याचें औषध नाहीं.

आतां पैशाकडे येऊं. काटकसर करावयाची ती कोठें आणि करावयाची नाहीं ती कोठें, हें ज्याला कळलें त्याचेंच इंजिन स्वस्त होतें. पहिला खर्च परीक्षेचा. जुना क्रँक, जुने रॉड आणि ब्लॉक यांना तडा नाहीं याची खात्री चुंबकीय भुकटीच्या किंवा तशाच दुसऱ्या परीक्षेनें करून घ्यावी. तडा असलेल्या भागावर पुढील पैसा घालणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें. दुसरा खर्च बेअरिंगें आणि रॉडांचे बोल्ट यांचा. हे नवे आणि चांगलेच घ्यावे. बेअरिंग व खुंटी यांमध्यें तेलाला जागा ठेवावी लागते. खुंटीच्या दर इंच व्यासास इंचाचा हजारावा भाग, असा जुना ठोकताळा आहे. ही जागा केसाच्या जाडीहून कमी असते. तिच्यांत चूक झाली तर बाकी सारी मेहनत एका संध्याकाळीं जळून जाते. तिसरा खर्च समतोलाचा. नवे पिस्टन व नवे रॉड यांचीं वजनें सारखीं करावीं, आणि त्यांच्या मानानें क्रँक तोलून घ्यावा. हें टाळलें तर इंजिन आधीं थरथरतें आणि मग तुटतें. चौथा खर्च तेलाच्या पंपाचा.

वांचवावयाचें तें असें. भाग खोलणें, धुणें, तेलाच्या वाटा तारेनें व दाबाच्या हवेनें स्वच्छ करणें, खुणा करून नीट मांडून ठेवणें, हें काम स्वतः करावें. यांत मजुरीहि वांचते आणि शिक्षणहि मिळतें. ज्या मापांचे पिस्टन कारखाने आधींच काढतात त्यांतूनच निवड करावी. एकट्यासाठीं घडविलेला पिस्टन नेहमींच महाग पडतो. पिस्टन हातांत येईपर्यंत सिलिंडर बोअर करूं देऊं नये, कारण बोअर हा प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याच्या मापानें करावयाचा असतो. हेड मूळचेंच ठेवून व्हॉल्व्हच्या बैठकी तेवढ्या नीट करून घ्याव्या. चकचकीत झांकणें, रंगीत नळ्या आणि मोठा आवाज यांनीं एका अश्वशक्तीचीहि भर पडत नाहीं.

आणखी एक प्रश्न आधींच विचारावा: धांव वाढविण्याऐवजीं त्याच घराण्यांतील मोठें इंजिन जसेंच्या तसें मिळत असेल तर? एमजी ए ही स्पोर्ट्स मोटार १९५५ सालीं निघाली तेव्हां तिच्या इंजिनाचें घनफळ १४८९ होतें, आणि तेंच इंजिन, सौम्य रूपांत, आपल्या अँबॅसडरमध्यें पुढें कित्येक वर्षें चाललें. या घराण्याची धांव ८८.९ वर कायम राहिली आणि बोअर वाढून १९६२ च्या एमजी बी मध्यें १७९८ चें इंजिन आलें. ज्याच्यापाशीं असलें लहान इंजिन आहे, त्यानें क्रँक घांसत बसण्यापेक्षां मोठा भाऊच शोधणें शहाणपणाचें. पुष्कळ वेळां हिशेब अंतीं असाच निघतो, आणि तो तसा निघाला तर त्यांत कमीपणा नाहीं.

कायद्याचीहि आठवण ठेवली पाहिजे. इंजिनाचें घनफळ मोटारीच्या नोंदणीपत्रांत लिहिलेलें असतें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणींतील मजकूर कारखान्याच्या मूळ मापांहून निराळा होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें अशा बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. म्हणून असें इंजिन बंदिस्त शर्यतमार्गासाठीं करावें. चेन्नईजवळील शोलावरमच्या जुन्या धांवपट्टीवर एके काळीं फियाट आणि हेरल्ड यांसारख्या घरगुती मोटारी सुधारून पळविल्या जात. आतां चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथें एक आणि कोइमतूरजवळ कारी या नांवाचा दुसरा, असे बांधीव मार्ग आहेत. वाढलेल्या जोराबरोबर ब्रेक, टायर आणि चालकाचा पट्टा यांचाहि विचार त्याच अंदाजपत्रकांत झाला पाहिजे. रॉड तुटून ब्लॉकबाहेर आला, तर गरम तेल रस्त्यावर व चाकांखालीं सांडतें. मग प्रश्न पैशाचा उरत नाहीं, जिवाचा होतो.

तेव्हां घरांतील तरुणानें हा बेत मांडला, तर त्याला वही घेऊन बसण्यास सांगावें, आणि पांच उत्तरें मागावीं. तीन लांब्यांची बेरीज ब्लॉकच्या उंचीएवढी येते काय? दोन फेऱ्यांत कोठेंहि कमींत कमी मोकळीक किती राहते? दाबाचें प्रमाण किती, आणि कोणत्या पेट्रोलसाठीं? तो किती फेऱ्यांवर थांबणार, आणि तेथें पिस्टनचा वेग किती? आणि शेवटचें: परीक्षा, ग्राइंडिंग, समतोल हें सारें धरून एकूण खर्च किती, आणि त्याच्या शेजारीं, मूळ मापांवर तेंच इंजिन नीट दुरुस्त करण्याचा खर्च किती? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें त्यानें मोजून आणलीं, तर त्याला यंत्राचें ज्ञान आलें असें समजावें. पांचव्याचें उत्तर त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें, तर त्याच्या हातीं पैसा देण्यास हरकत नाहीं. मग त्या पैशांतून लांब धांवेचें इंजिन होवो, किंवा जुनेंच इंजिन पुन्हां नव्यासारखें होवो.